तीन महिन्यांत हात तयार होत नाही

ताई,
मी मिरजेजवळच्या एका गावात राहते. यंदा झूलॉजीत एमएस्सी झाले. एम्ब्रायोलॉजिस्ट, म्हणजे टेस्ट ट्यूब बाळाच्या लॅबमध्ये गर्भ वाढवणारी, व्हायचं मनात आहे. पुण्यातल्या एका संस्थेने तीन महिन्यांचा डिप्लोमा सांगितलाय. फी पावणेतीन लाख, 'शंभर टक्के प्लेसमेंट', शिवाय 'इक्सी हँड्स-ऑन', म्हणजे बीजात सुईने शुक्राणू सोडण्याचा प्रत्यक्ष सराव. आई पाटल्या मोडायला तयार आहे. मामा म्हणतात, हे लॅब टेक्निशियनचंच काम, तू काय डॉक्टर थोडीच होणार. आत्याने तर सगळ्यांसमोर विचारलं, "मग तुला मुलगा की मुलगी ते आधीच कळणार का?" पंधरा तारखेपर्यंत पैसे भरायचे आहेत. भरू का? आणि हे लोक आत नेमकं करतात काय, ते घरच्यांना कसं समजावू?
ता. क. : घाबरले की माझे हात थरथरतात. प्रॅक्टिकलला कव्हरस्लिप ठेवतानासुद्धा. अशा मुलीने या कामाचा विचार करावा का?

*

पाटल्या आईच्या हातातच राहू देत. पैसे भरू नकोस.

कारण पुढे सांगते, पण पंधरा तारीख डोक्यावर असताना तुला आधी उत्तर हवं आहे, म्हणून ते पहिल्यांदा लिहिलं. एम्ब्रायोलॉजिस्ट होऊ नकोस असं मी म्हणत नाही. अठरा वर्षं मी हेच काम करते आहे आणि सकाळी लॅबचं दार उघडताना आजही मला बरं वाटतं. तू ये. फक्त या दारातून येऊ नकोस.

घरच्यांना काम समजावायचं असेल तर आईला समोर बसव आणि पुढचं वाचून दाखव.

आमचा दिवस यंत्रांपासून सुरू होतो. इन्क्युबेटर म्हणजे गर्भ वाढवायची पेटी. तिच्या आत ३७ अंश तापमान हवं. दारावर आकडा दिसत असतो, पण त्याच्यावर विसंबायचं नाही, वेगळा तापमापक आत ठेवून मोजायचं. आतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड ५ ते ६ टक्के लागतो, कारण गर्भ ज्या द्रवात वाढतो त्याचा पीएच त्याच्यावर ठरतो आणि तो ७.२ ते ७.४ च्या मध्ये राहावा लागतो. ऑक्सिजन ५ टक्के ठेवतात. आपण श्वासात घेतो त्या हवेत २१ टक्के असतो, पण बाईच्या गर्भनलिकेत इतका नसतोच. मग नायट्रोजनच्या टाक्यांची पातळी बघायची, लॅबच्या हवेचा दाब बघायचा. आमच्यापैकी कुणी डिओ किंवा अत्तर लावून येत नाही, मोगऱ्याचा गजराही बाहेर काढून ठेवावा लागतो. वास म्हणजे हवेत तरंगणारी रसायनंच, आणि डिशमधल्या त्या जिवाला ना कातडी, ना यकृत, ना मूत्रपिंड. त्याला वाचवायला हवेचं फिल्टर असतं आणि आम्ही असतो.

मग पिकअप. शेजारच्या ऑपरेशन थिएटरमध्ये डॉक्टर सोनोग्राफीवर बघत बारीक सुईने बीजकोषातलं पाणी ओढून घेतात. ती टेस्ट ट्यूब ऊब न मोडता खिडकीतून आत येते. मी ती डिशमध्ये ओतते आणि मायक्रोस्कोपखाली शोधते. स्त्रीबीज साधारण ०.१ मिलिमीटरचं, मिठाच्या कणाहून लहान. पण त्याच्याभोवती पेशींचा चिकट पुंजका असतो, पिंजलेल्या कापसासारखा. नजर आधी त्या पुंजक्याला शिकते, मग आतल्या बीजाला. सापडलं की मी मोठ्याने आकडा सांगते. बाहेर टेबलावर झोपलेल्या बाईचा नवरा व्हरांड्यात बसलेला असतो, संध्याकाळपर्यंत त्याच्यासाठी तो आकडाच सगळं काही असतो.

नवऱ्याचा नमुना आम्हीच तपासतो, धुतो, चांगले हलणारे शुक्राणू वेगळे काढतो. पुढे दोन वाटा आहेत. एकीत बीज आणि शुक्राणू एका डिशमध्ये ठेवून निसर्गावर सोपवायचं. दुसरी म्हणजे इक्सी, जिचं नाव तुझ्या संस्थेने जाहिरातीत घातलंय. बीजाभोवतीचा पुंजका सोडवून बीज पक्व आहे का ते बघायचं. एक शुक्राणू निवडायचा, त्याची शेपटी सुईने दाबून त्याला स्थिर करायचा, काचेच्या नळीत उचलायचा. दुसऱ्या नळीने बीज हलकेच धरून, त्याचा ध्रुवीय पिंड (बीजाने बाहेर टाकलेला चिमुकला गोळा) सुईच्या वाटेत येणार नाही असं फिरवून, मग आत शिरून शुक्राणू सोडायचा. सुईचं भोक पाच-सहा मायक्रॉनचं, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या पाच-सहापट. बीजाचं आवरण कधी चटकन फुटतं, कधी रबरासारखं ताणत जातं. कुठल्या बीजाला किती ओढ द्यायची ते पुस्तकात लिहिता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, १६ ते १८ तासांनी, बीजाच्या आत शेजारी शेजारी दोन पारदर्शक वर्तुळं दिसली पाहिजेत, एक आईचं, एक बापाचं. तीन दिसली तर ते बीज बाजूला काढायचं. बघायला काही तास उशीर केलास तर वर्तुळं विरघळून गेलेली असू शकतात आणि मग दोन होती की तीन हे कुणीच सांगू शकत नाही. म्हणून रविवार असो, लक्ष्मीपूजन असो, त्या वेळेला कुणीतरी तिथे असावंच लागतं. पिकअपचा दिवस शून्य धरून मोजलं तर दुसऱ्या दिवशी चार पेशी, तिसऱ्याला आठ, पाचव्या-सहाव्या दिवशी ब्लास्टोसिस्ट. म्हणजे पोकळ चेंडू, आतल्या गोळ्यातून बाळ होतं आणि बाहेरच्या थरातून वार. कुठला गर्भ आधी द्यायचा, कुठला गोठवायचा, कुठला वाढायचा थांबलाय हे बघणं आमच्याकडे. गोठवलेले गर्भ उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये राहतात, आपल्या कायद्याने जास्तीत जास्त दहा वर्षं. ट्रान्सफरच्या, म्हणजे गर्भ गर्भाशयात सोडायच्या, दिवशी तो मऊ नळीत भरून डॉक्टरांच्या हातात देतो आम्हीच. ती नळी परत आली की पुन्हा मायक्रोस्कोपखाली धुऊन बघतो, गर्भ आत चिकटून राहिला नाही ना. तोवर थिएटरमधलं कुणी हलत नाही.

आणि या प्रत्येक पायरीला नाव. आपल्याकडे एकाच दिवशी दोन सुनीता पाटील येणं अजिबात नवलाचं नाही. म्हणून बाईचं पूर्ण नाव, नवऱ्याचं नाव, जन्मतारीख, नोंदणी क्रमांक हे सगळं डिशच्या झाकणावर नाही, तर तळाच्या भागावर लिहायचं, कारण झाकण बदलू शकतं. एका डिशमधून दुसऱ्या डिशमध्ये काहीही हलवताना दोघांनी मोठ्याने वाचायचं, दोघांनी सही करायची. दुसरं माणूस जेवायला गेलं असेल तर थांबायचं. मला कुणी विचारलं की या कामात सगळ्यात अवघड काय, तर मी इक्सी म्हणत नाही. हजाराव्या वेळीही पहिल्या वेळेसारखं नाव वाचणं अवघड आहे.

आता मामा. हे 'टेक्निशियनचंच काम' म्हणताना त्यांच्या आवाजात जो उतार असतो तो मला ओळखीचा आहे. टेक्निशियनचं काम हलकं असतं असं मी मानत नाही, पण त्यांची माहिती अपुरी आहे. मशीनने दिलेला आकडा कळवण्यापुरतं आमचं काम नसतं. डिशमध्ये काय आहे आणि त्याचं काय करायचं याचा निर्णय आम्ही घेतो आणि त्याला जबाबदार राहतो. म्हणून २०२१ च्या एआरटी, म्हणजे सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाच्या, कायद्यात आणि २०२२ च्या नियमांत आयव्हीएफ करणाऱ्या, म्हणजे लेव्हल दोनच्या, क्लिनिकसाठी स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, समुपदेशक यांच्या जोडीला एम्ब्रायोलॉजिस्टचं पद वेगळं लिहिलेलं आहे. हेही खरं, की आम्ही डॉक्टर नाही. इंजेक्शनचा डोस आम्ही ठरवत नाही, पिकअप आणि ट्रान्सफर आम्ही करत नाही, आणि पीएचडी नसेल तर नावाआधी 'डॉ.' लावायचं नाही. काही जण लावतात. तू लावू नकोस.

मामांना इतिहासही सांग. जगातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ, लुईस ब्राउन, २५ जुलै १९७८ ला इंग्लंडमधल्या ओल्डहॅमला जन्मलं. ते घडवणारे शास्त्रज्ञ रॉबर्ट एडवर्ड्स आणि डॉक्टर पॅट्रिक स्टेप्टो ही नावं सगळ्यांना माहीत असतात. तिसरं नाव जीन पर्डी. शिक्षणाने नर्स. ती लॅब तिने उभी केली, नोंदी तिने ठेवल्या, आणि लुईस ज्यातून झाली तो गर्भ विभागताना पहिल्यांदा पाहिला तो तिनेच. आम्ही तिला पहिली एम्ब्रायोलॉजिस्ट मानतो. १९८५ मध्ये, चाळिशीही न गाठता ती गेली, आणि तिचं नाव फलकावर यायला कित्येक वर्षं जावी लागली.

आपल्याकडचीही गोष्ट अशीच दोन हातांची आहे. ६ ऑगस्ट १९८६ ला मुंबईच्या केईएम रुग्णालयात हर्षा जन्मली. डॉक्टर होत्या इंदिरा हिंदुजा, आणि लॅबची बाजू होती परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ टी. सी. आनंद कुमार यांची. भारतातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ म्हणून हर्षाचीच नोंद झाली. त्याआधी आठ वर्षं, ३ ऑक्टोबर १९७८ ला, कोलकात्यात सुभाष मुखर्जींनी हे करून दाखवलं होतं, तेही गोठवलेल्या गर्भातून. त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही, आणि १९८१ मध्ये त्यांनी आयुष्य संपवलं. पुढे आनंद कुमार यांच्या हाती मुखर्जींचे कागद आले. त्यांनी ते वाचले, तपासले, आणि १९९७ मध्ये छापून सांगितलं की पहिला मान मुखर्जींचा आहे. म्हणजे स्वतःच्या नावावरचा मान त्यांनी स्वतःच खाली ठेवला. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलीला मी हे सांगते. माणूस गेल्यावर सोळा वर्षांनी त्याच्या बाजूने कोण बोललं, तर त्याने लिहून ठेवलेल्या नोंदी.

नोंदींचं मी इतकं का लावून धरते, त्याला माझं स्वतःचं कारण आहे.

माझी पहिली नोकरी एका मोठ्या शहरातल्या सेंटरमध्ये होती. सहावा-सातवा महिना असेल. एका सोमवारी वरिष्ठांनी सांगितलं, शुक्रवारपासूनची तापमानं लिहायची राहिलीत, भरून टाक. मी विचारलं, मोजलीत का? ते म्हणाले, इन्क्युबेटर कधी इकडचा तिकडे होतो का? मी ३७.० लिहिलं, चार दिवसांचं, सकाळ-संध्याकाळ, दोन वेगळ्या पेनांनी. त्या आठवड्यातले गर्भ नीट वाढले नाहीत. एका नाही, बऱ्याच जणींचे. कारण शोधायला बसलो तेव्हा रजिस्टर उघडलं, आणि रजिस्टर म्हणालं की सगळं उत्तम होतं. तापमान खरंच घसरलं होतं का, की मीडियाची, म्हणजे गर्भ वाढवायच्या द्रवाची, बॅच वाईट होती, की नुसता योगायोग, हे आजवर मला कळलेलं नाही आणि आता कळणारही नाही. ती वाट मी माझ्या हाताने बुजवली होती. त्या बायकांना आम्ही 'या वेळी रिझल्ट आला नाही' एवढंच सांगितलं. त्यातल्या एकीचा चेहरा मला अजून आठवतो. तिने घरी नेण्यासाठी पेढ्यांचं बुकिंग करून ठेवलं होतं.

पुढच्या महिन्यात मी ती नोकरी सोडली. तुला संस्था निवडताना काय बघायचं ते मी त्यावरून सांगणार आहे, म्हणून हे लिहिलं.

शिकण्याचा क्रम असा असतो. सुरुवात वीर्य तपासणीपासून. शुक्राणू मोजायचे, त्यांची हालचाल आणि आकार बघायचा. दोघींनी एकच नमुना मोजला तर आकडा जुळला पाहिजे, इथपर्यंत यायलाच काही महिने जातात. बरोबरीने डिश बनवणं, तेलाखाली मीडियाचे थेंब घालणं, यंत्रांच्या नोंदी, नायट्रोजन भरणं, साक्षीदार म्हणून नावं वाचणं. नायट्रोजनला कुणी हलक्यात घेऊ नये, बंद खोलीत तो गळला तर ऑक्सिजन हटवतो आणि माणूस काही कळायच्या आत कोसळतो. मग बीज शोधणं, पुंजका सोडवणं, सकाळी वर्तुळं बघणं, गर्भाला ग्रेड देणं. ग्रेड आधी मनात द्यायची, मग शिकवणाऱ्या व्यक्तीची विचारायची, आणि वेगळी आली तर का हे भांडून समजून घ्यायचं. गोठवण्याचा सराव टाकून द्यायच्या बीजांवर. इक्सीचा सरावही जनावरांच्या बीजांवर किंवा अपक्व, निकामी बीजांवर, आणि माणसाचं बीज असेल तर त्या जोडप्याच्या लेखी संमतीनेच. पेशंटच्या चांगल्या बीजाला तुझी सुई लागेपर्यंत वर्ष, दीड वर्ष, कधी त्याहून जास्त जातं. आणि पहिल्यांदा देतात ते एक बीज, शेजारी वरिष्ठ बसलेले असताना.

हात तयार झाला हे कोण ठरवतं? आकडे. युरोपातल्या आणि आंतरराष्ट्रीय एम्ब्रायोलॉजिस्टांनी व्हिएन्नात बसून २०१७ मध्ये मोजमापं छापली. इक्सी केलेल्या बीजांपैकी निदान ६५ टक्क्यांत नीट फलन व्हावं, ८० टक्के हे गाठायचं ध्येय. सुईने खराब होणारी बीजं १० टक्क्यांच्या वर जाता कामा नयेत, ५ च्या आत आणायची. हा हिशेब सेंटरचा वेगळा आणि प्रत्येक हाताचा वेगळा ठेवतात. चांगल्या लॅबमध्ये माझा आकडा माझ्या शिकाऊ मुलीला दिसतो आणि तिचा मला.

इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेतलं प्रशिक्षण तीन वर्षांचं असतं, पगारासह, आणि त्यानंतर शास्त्रज्ञ म्हणून नोंदणी. आपल्या २०२२ च्या नियमांच्या परिशिष्टात पात्रता दिलेली आहे. क्लिनिकल एम्ब्रायोलॉजीची किमान चार सत्रांची पूर्णवेळ पदव्युत्तर पदवी आणि त्यावर मानवी आयव्हीएफ लॅबमधला अनुभव, हा सरळ रस्ता. जीवशास्त्रातल्या इतर पदव्युत्तरांसाठीही वाट आहे, पण ती जास्त लांबीची आहे. ते परिशिष्ट नेटवर मोफत आहे, दोन पानं वाचून काढ. अनुभव तिथे वर्षांत मोजलाय. तीन महिन्यांचा डिप्लोमा घेऊन तू त्यातल्या कुठल्याही चौकटीत बसत नाहीस. तेव्हा 'शंभर टक्के प्लेसमेंट' नेमकी कुठल्या पदावर, ते त्यांना लेखी विचार.

आणि 'इक्सी हँड्स-ऑन'. असे वर्ग मी आतून पाहिलेत. एक मायक्रोमॅनिप्युलेटर, म्हणजे इक्सीची सुई हलवायचं यंत्र, त्याच्याभोवती दहा-बारा मुलं, प्रत्येकाच्या वाट्याला दिवसाची काही मिनिटं, फोटो, प्रमाणपत्र. मुलं हुशार असतात, घरून कर्ज काढून आलेली असतात. बाहेर पडल्यावर कुठलंही सेंटर त्यांना डिशला हात लावू देत नाही, आणि देत असेल तर मला त्या सेंटरच्या पेशंटची काळजी वाटते. मला याचा मनापासून राग येतो. हे पैसे बहुतेक वेळा आईच्या अंगावरून उतरलेले असतात.

तुझ्यासमोर माझ्या मते दोन वाटा आहेत. पहिली, क्लिनिकल एम्ब्रायोलॉजीची दोन वर्षांची एमएस्सी. मणिपालच्या कस्तुरबा मेडिकल कॉलेजातला अभ्यासक्रम जुना आणि नाव असलेला. इतर विद्यापीठांतही आता निघालेत, पण प्रवेशाआधी त्यांच्याकडे स्वतःची चालती आयव्हीएफ लॅब आहे का, एवढं नक्की बघ. दुसऱ्यांदा एमएस्सी करायची हे घरी पटवणं जड जाईल, मला कळतं. दुसरी वाट म्हणजे कोल्हापूर, सांगली किंवा पुण्यातल्या नोंदणीकृत लेव्हल दोनच्या सेंटरमध्ये शिकाऊ म्हणून लागायचं, वीर्य तपासणीपासून. स्टायपेंड थोडाच मिळेल, पहिलं वर्ष कंटाळ्याचं वाटेल. पण तू पैसे देणार नाहीस, घेशील, आणि प्रत्येक दिवस अनुभवात मोजला जाईल. तुझी परिस्थिती बघता मी दुसरीकडे झुकते. वर्षभराने हे काम आपलं आहे असं वाटलं तर मणिपालचा विचार तेव्हाही करता येईल, आणि तेव्हा तू वर्गात बाकीच्यांपेक्षा पुढे असशील.

मुलाखतीला गेलीस की तीन गोष्टी बघ. तिथला एम्ब्रायोलॉजिस्ट रोज तिथे असतो, की फक्त बॅच लागली की येतो? आपल्याकडे लहान गावांतली बरीच सेंटरं महिन्यातून ठरावीक दिवशी पेशंट एकत्र करतात आणि बाहेरून माणूस बोलावतात. ते करणारे अनेक जण कसबी आहेत, पण उरलेले पंचवीस दिवस तुला शिकवायला कुणी नसेल. वर्षाला किती पिकअप होतात ते विचार. आणि इन्क्युबेटरचं रजिस्टर बघायला माग. सगळीकडे ३७.० दिसलं, एकाच अक्षरात, एकाही खाडाखोडीशिवाय, तर चहा घे आणि निघ. ३६.८, ३७.१, मध्येच एक '३६.५, कंपनीला फोन केला' असं दिसलं तर तिथे राहायचा विचार कर.

आत्याच्या प्रश्नाचं उत्तर चारचौघांत विचारला तसंच चारचौघांत द्यायचं. पाचव्या दिवशी गर्भाच्या बाहेरच्या थरातून मोजक्या पेशी काढून गुणसूत्रं तपासता येतात, त्यामुळे तंत्राला कळू शकतं. पण ती तपासणी आनुवंशिक आजार टाळण्यासाठी आहे. हवं ते लिंग निवडून देणं, त्यासाठी शुक्राणू वेगळे करणं किंवा गर्भ निवडणं हा गुन्हा आहे. त्याला तुरुंगवास आहे, आणि तो आमच्यासारख्यांनाही आहे. लिंगाशी जोडलेल्या आनुवंशिक आजाराचा अपवाद सोडला तर यात कसलीही पळवाट नाही. देशाचा कायदा १९९४ चा, पण त्याच्या सहा वर्षं आधी, १९८८ मध्ये, असा कायदा सगळ्यात पहिल्यांदा आपल्या महाराष्ट्रानेच केला. तो करावा लागला, हे आपण विसरू नये. तुला पुढे हा प्रश्न आत्याच नाही, ओळखीचे, गावचे पुढारी, कधी पेशंटच्या सासूबाई विचारतील, कुणी पाकीटही पुढे करेल. पहिल्या वेळी जे उत्तर देशील ते पंचक्रोशीत पसरतं. तेव्हा ते स्पष्ट दे.

लग्नाचं तू विचारलं नाहीस, पण आई विचारेल. सुट्ट्या ठरलेल्या नसतात. सणाच्या दिवशी सकाळी सातला लॅबमध्ये असणं घरच्यांना आधी सांगून ठेवावं लागतं. माझ्या घरी दिवाळीचा फराळ मी परत आल्यावर सुरू होतो, सासूबाईंनीच तशी रीत पाडली. सगळ्यांना अशी माणसं मिळत नाहीत.

आणि एक तयारी मनाची. डिशमधले बरेचसे गर्भ पाचव्या दिवसापर्यंत पोचतच नाहीत. सगळं बरोबर करूनही नाही. पहिल्या वर्षी तू प्रत्येक थांबलेल्या गर्भासाठी स्वतःला दोष देशील. शिकवणारं माणूस चांगलं असेल तर ते तुझ्या शेजारी बसून दाखवेल, यात तुझा हात कुठे होता आणि कुठे नव्हता.

आता ता. क. तू ते शेवटी आणि घाईत लिहिलंस, पण मला वाटतं खरं पत्र तेच होतं.

इक्सी आपण हाताने करत नाही. समोर जॉयस्टिक असते, तुझा हात हलला तर सुई त्याच्या अगदी बारीक अंशाइतकीच हलते. टेबल असं असतं की बाहेर ट्रक गेला तरी थेंब हलत नाही. कोपर टेबलाला टेकलेले असतात. सुई आत जाताना मी अजूनही श्वास अर्धा सोडून थांबते, हे माझ्या बाईंनी शिकवलं. थरथर जास्त दिसते ती गोठवताना, तिथे बारीक पट्टीवर गर्भ ठेवून काही सेकंदांत नायट्रोजनमध्ये बुडवायचा असतो आणि मध्ये कुठलं यंत्र नसतं. तेही सरावाने बसतं. माझ्याकडे तयार झालेल्या मुलींपैकी सगळ्यात स्वच्छ हाताची मुलगी पहिल्या आठवड्यात पिपेट धरताना इतकी कापायची की थेंब डिशच्या बाहेर पडायचा. आम्ही तिला महिनाभर नुसत्या पाण्याचे थेंब घालायला लावले, एका डिशमध्ये दहा, रोज पन्नास डिश.

तू आत्तापासून सुरू करू शकतेस. कॉलेजच्या लॅबमधून एखादी जुनी मायक्रोपिपेट आणि टिप्स मिळतात का बघ, सर ओळखीचे असतीलच. स्वयंपाकघराच्या ओट्याला कोपर टेकव, प्लॅस्टिकच्या झाकणावर २० मायक्रोलिटरचे थेंब घाल, एका ओळीत, सारखे, एकमेकांना न चिकटता. आईला शेजारी बसव आणि बोलत राहायला सांग, आत्याबद्दल बोलली तर उत्तमच. हात थरथरला तर थांबू नकोस, पुढचा थेंब घाल. महिन्याभराने मला कळव, ओळीत किती बसले.